आकाशातले अर्धवेळ मास्तर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



कॉलेजात शिकता शिकता चार पैसे मिळवणं ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर 'कमवा आणि शिका' या नावाने योजनाच उभी केली आणि गोरगरिबांची मुलं हातात कुदळ-फावडं धरून पदवीपर्यंत पोचली. माझ्या पिढीतही कुणी पहाटे पेपर टाकायचं, कुणी मेडिकलच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं, कुणी शिकवण्या घ्यायचं. मी स्वतः बी.ए. करत असताना मुंबईत एका रात्रशाळेत शिकवायला जात होतो. दिवसभर हॉटेलात कपबश्या विसळून आलेली, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान असलेली मुलं समोर बसायची. सकाळी मी विद्यार्थी आणि रात्री मास्तर. तेव्हा अर्धवेळ कामाची माझी कल्पना इथवरच होती.

आज ज्या अर्धवेळ कामाविषयी बोलणार आहे ते मात्र आपल्याकडे सहसा ऐकायला मिळत नाही. अमेरिकेत कितीतरी मुलंमुली कॉलेजात शिकत असतानाच विमान चालवायला शिकवण्याची नोकरी करतात. सकाळी नऊ वाजता स्वतः बाकावर बसून हवामानशास्त्राचा तास करायचा आणि अकरा वाजता दुसऱ्या एका विद्यार्थ्याला शेजारी बसवून तीन हजार फुटांवर जायचं. वय किती? एकोणीस, वीस, फार तर बावीस.

यात बेकायदा काहीच नाही. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे सोळाव्या वर्षी विद्यार्थी एकट्याने विमान उडवू शकतो. सतराव्या वर्षी खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळतं. अठराव्या वर्षी व्यावसायिक लायसन्स मिळतं आणि त्याच वयात विमान शिकवण्याचंही. त्याच देशात बियरची बाटली विकत घ्यायला मात्र एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात. कोणती गोष्ट कोणत्या वयात माणसाच्या हाती द्यावी, याविषयी प्रत्येक समाजाचे हिशेब वेगळे असतात.

ही पद्धत तिथेच का रुजली, हे थोडं सांगायला हवं. त्या देशात लोकांसाठी खुले असलेले लहानमोठे सुमारे 5 हजार विमानतळ आहेत. शेतातून गेलेली एक धावपट्टी, दोन-चार पत्र्याच्या शेड आणि पेट्रोलचा एक पंप, असं त्यातल्या पुष्कळांचं रूप. विमानविद्येचं शिक्षणही तिथे विद्यापीठांत लवकर शिरलं. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचा 1930 च्या दशकापासून स्वतःचा विमानतळ आहे. अमेलिया इअरहार्ट ही जगप्रसिद्ध वैमानिक 1935 पासून तिथे विद्यार्थिनींना मार्गदर्शन करायला येत असे. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग याच विद्यापीठाचा. उत्तरेकडच्या नॉर्थ डकोटा राज्याच्या विद्यापीठाने 1968 साली विमानविद्येचा विभाग सुरू केला. आज तिथल्या ग्रँड फोर्क्सच्या विमानतळावर विद्यार्थ्यांच्या विमानांची दिवसभर वर्दळ असते.

आर्मस्ट्राँगची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. शाळकरी वयात विमान शिकण्यासाठी तो गावच्या औषधाच्या दुकानात काम करायचा. मजुरी तासाला 40 सेंट आणि विमानाच्या एका तासाच्या शिकवणीला 9 डॉलर. म्हणजे साडेबावीस तास दुकान झाडायचं, खोकी उचलायची, तेव्हा कुठे एक तास आकाशात. सोळा वर्षांचा झाला तेव्हा विद्यार्थी-वैमानिकाचा परवाना त्याच्या हाती आला. मोटार चालवायचं लायसन्स त्यानंतरचं.

हा हिशेब आजही फारसा बदललेला नाही, आकडे तेवढे वाढले. साधं चार आसनांचं विमान भाड्याने घ्यायचं तर तासाला दीडशे डॉलर किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. व्यावसायिक लायसन्ससाठी साधारण 250 तासांचं उड्डाण लागतं. पण तेवढ्यावर मोठ्या विमान कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. तिथला आजचा नियम 1,500 तासांचा आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानविद्येची पदवी घेतली असेल तर 1,000 तासांवर भागतं. आता 250 वरून 1,000 वर जायचं म्हणजे मधले 750 तास कुठून आणायचे? स्वतःच्या खिशातून आणायचे तर लाखभर डॉलर नुसत्या विमानाच्या भाड्यात जातील.

इथे शिकवण्याचं काम कामाला येतं. शिक्षक म्हणून शेजारी बसलात की तो तास तुमच्याही खात्यावर जमा होतो. विमानाचं भाडं शिकणारा देतो, वर शिकवणाऱ्याला मजुरी मिळते. म्हणून मुलं पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच शिक्षकाची परीक्षा देतात आणि उरलेली वर्षं शिकत शिकत शिकवतात. आठवड्याला दहा तास मिळाले तरी दीड वर्षात साडेसातशेचा टप्पा येतो. आपल्याकडे 200 तासांवर व्यावसायिक लायसन्स मिळतं आणि पुढचं खास प्रशिक्षण घेतलं की थेट विमान कंपनीत सहवैमानिक होता येतं. म्हणून आपल्याकडे कॉलेजात शिकणारा उड्डाण-शिक्षक सहसा दिसत नाही. बारामती, गोंदिया, नागपूर इथे विमान शिकवलं जातं, पण तिथे शिकवणारे बहुधा पक्के नोकरदार शिक्षक.

माझा या विषयाशी संबंध माझ्या भाच्यामुळे आला. आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. घरातले पुरुष बोटीवर जाणारे. माझे अब्बा खलाशी म्हणून जहाजावर चढले आणि सारंग होऊन उतरले. पाण्याशी नातं असलेल्या या घरातला मुलगा आकाशाकडे वळला. अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखातल्या एका विद्यापीठात तो विमानविद्येची पदवी घेतो आणि त्याच विद्यापीठाच्या विमानतळावर खालच्या वर्गातल्या मुलांना विमान शिकवतो. परदेशी विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना कॅम्पसवरच आणि आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं. त्या वीस तासांत तो बसवतो.

फोनवर मी त्याला त्याचा दिवस विचारला. पहाटे साडेपाचला उठायचं. आधी हवामानाचा अहवाल वाचायचा. थंडीत तिथे पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा इंजिनाला आधी गरम हवेची नळी लावून ऊब द्यावी लागते. मग विद्यार्थ्याबरोबर विमानाभोवती फिरून पंख, चाकं, तेल, पेट्रोल सगळं हात लावून पाहायचं. दीड तास उड्डाण, त्यानंतर अर्धा तास खाली बसून चर्चा. मग धावत स्वतःच्या वर्गात. दुपारी आणखी एक विद्यार्थी. संध्याकाळी स्वतःचा अभ्यास. पगार तासावर. वारा सुटला, ढग खाली आले, उड्डाण रद्द झालं, की त्या दिवशीची कमाईही रद्द.

'मामू,' तो म्हणाला, 'इथे आम्ही सगळे शेतकऱ्यासारखे. उठलं की आधी आभाळ बघायचं.'

नियमाने कोणत्याही 24 तासांत 8 तासांपेक्षा जास्त उड्डाण-शिक्षण देता येत नाही. नियम चांगला आहे. पण आदल्या रात्री परीक्षेसाठी किती वाजेपर्यंत जागलास, हे त्या नियमात येत नाही. ते ज्याचं त्याने स्वतःला विचारायचं असतं.

आता प्रत्यक्ष शिकवणं कसं चालतं ते पाहू. ही मुलं बहुधा ज्या विमानावर शिकतात त्याचं नाव सेसना 172. हे 1950 च्या दशकातलं विमान, आजवर 44 हजारांहून जास्त बनलेलं. एवढी संख्या दुसऱ्या कुठल्या विमानाची नाही. त्यात पुढे दोन जागा. डावीकडे विद्यार्थी, उजवीकडे शिक्षक. दोघांच्याही समोर सारखंच सुकाणू, दोघांच्याही पायाशी सारखेच पेडल. म्हणजे विमान दोघांपैकी कुणीही चालवू शकतो, आणि धोकाही त्यातच आहे. दोघांनी एकाच वेळी सुकाणू ओढलं तर पंचाईत. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे प्रत्येकाला वाटावं की दुसरा चालवतो आहे, आणि चालवत कुणीच नसावं.

म्हणून ताबा देण्या-घेण्याची एक ठरलेली रीत आहे. देणारा म्हणतो, 'यू हॅव द फ्लाइट कंट्रोल्स.' घेणारा म्हणतो, 'आय हॅव द फ्लाइट कंट्रोल्स.' मग देणारा पुन्हा एकदा म्हणतो, 'यू हॅव द फ्लाइट कंट्रोल्स,' आणि डोळ्यांनी खात्री करून घेतो. तीन वाक्यं. दिवसातून पन्नास वेळा म्हणायची, तरी एकदाही वगळायची नाहीत. संसारात, संस्थांत, साहित्य संमेलनांच्या समित्यांत ही तीन वाक्यं कुणी म्हणत नाही, म्हणून किती घोळ होतात ते आपण पाहतोच.

शिक्षक होण्यासाठी नुसतं विमान चांगलं उडवता येऊन चालत नाही. 'शिकवावं कसं' या विषयावर वेगळी लेखी परीक्षा असते. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सांगितलेले शिकण्याचे नियम त्यात अभ्यासावे लागतात. मनाची तयारी नसेल तर माणूस शिकत नाही. सरावाने पक्कं होतं. आणि पहिल्यांदा जे शिकवलं जातं ते सर्वांत खोल रुजतं, म्हणून पहिल्यांदाच चुकीचं शिकवलं तर ते खरवडून काढणं फार अवघड जातं. एकवीस वर्षांची पोरं ही परीक्षा देऊन पुढे जातात. मला रात्रशाळेत नेमलं तेव्हा 'शिकवता येतं का' एवढंही कुणी विचारलं नव्हतं. वर्गात खडू होता, तो हातात घेतला.

आणखी एक अट आहे. शिक्षक होऊ पाहणाऱ्याला 'स्पिन'चं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. विमान उचलशक्ती गमावून गिरक्या घेत खाली येऊ लागतं, त्याला स्पिन म्हणतात. त्यात मुद्दाम शिरायचं आणि शांतपणे बाहेर यायचं. कारण विद्यार्थी कधी ना कधी तुम्हाला त्या वाटेवर नेणार, आणि तेव्हा तुम्ही घाबरून चालणार नाही.

त्याच्या आधीची पायरी म्हणजे 'स्टॉल'. आपण मोटारीसारखं समजतो, की स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडलं. तसं नव्हे. विमानाचं नाक प्रमाणाबाहेर वर उचललं, की पंखांवरून वाहणारी हवा विस्कटते आणि पंख विमानाला तोलेनासे होतात. इंजिन तर चालूच असतं. विमान खचू लागलं की माणसाचा हात आपोआप सुकाणू मागे ओढतो, कारण खाली पडणाऱ्याला वर जायचं असतं. वाचायचं असेल तर नेमकं उलट करावं लागतं. सुकाणू पुढे ढकलायचं, नाक खाली घ्यायचं, पंखांना हवा परत मिळू द्यायची. ही उलटी गोष्ट विद्यार्थ्याच्या हातात मुरवणं, हेच या शिक्षकांचं मोठं काम.

आणि इथे शिक्षकाची कसोटी असते. विद्यार्थी चुकतो आहे हे दिसत असतं. स्वतःचे हात गुडघ्यावर ठेवून, तो आपणहून सुधारतो का, याची वाट पाहायची. एक सेकंद आधी हात घातला तर तो शिकत नाही. एक सेकंद उशीर झाला तर दोघांच्या जिवावर बेततं. आमच्या उर्दू शायरीत उस्ताद शागिर्दाच्या गझलेवर 'इस्लाह' करतो, म्हणजे ती दुरुस्त करून देतो. थोर उस्ताद एखादाच शब्द बदलतात आणि बाकीची गझल शागिर्दाची राहू देतात. पण कवितेत इस्लाह चुकली तर फार तर एक शेर पडतो.

हात घालायची वेळ कशी असते याचं एक खरं उदाहरण इतिहासात आहे. कॉर्नेलिया फोर्ट ही बावीस वर्षांची अमेरिकन मुलगी होनोलुलूमध्ये उड्डाण-शिक्षिका होती. 7 डिसेंबर 1941 च्या रविवारी सकाळी ती एका विद्यार्थ्याला उतरण्याचा सराव देत होती. समोरून एक विमान थेट अंगावर येताना दिसलं. तिने झटक्यात विद्यार्थ्याकडून ताबा घेतला आणि विमान वर काढलं. खालून निघून गेलेल्या विमानाच्या पंखांवर जपानचं लाल वर्तुळ होतं. तो पर्ल हार्बरवरचा हल्ला होता. तिने विमान सुखरूप उतरवलं. पुढे 1943 साली लष्कराची विमानं पोचवण्याच्या कामात असताना हवेतल्या टकरीत ती गेली.

श्रोतेहो, मघाशी मी 1,500 तासांचा नियम सांगितला. तो कसा आला हेही सांगतो, कारण माझा मुख्य मुद्दा त्यात आहे. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहराजवळ कोल्गन एअर कंपनीचं एक प्रवासी विमान कोसळलं. विमानातली सगळी 49 माणसं आणि ज्या घरावर ते पडलं त्या घरातला एक, अशी 50 माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं. विमानाचा वेग कमी होत गेला, स्टॉलचा इशारा देणारं यंत्र सुकाणू गदगदा हलवू लागलं, आणि कॅप्टनने सुकाणू पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढलं. पहिल्या काही धड्यांत विद्यार्थ्याला शिकवतात, तीच गोष्ट.

मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केला. 2010 साली कायदा झाला, 2013 पासून नियम लागू झाले आणि सहवैमानिकासाठीही 1,500 तासांची अट आली. त्याआधी 250 तासांच्या व्यावसायिक लायसन्सवरही सहवैमानिक होता येत असे. नातेवाइकांच्या दुःखातून आलेल्या कायद्याचा मी आदर करतो. पण एक गोष्ट विसरता येत नाही. त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांच्या खात्यावर 2 हजारांहून अधिक तास होते. नवा नियम तेव्हा असता तरी त्याने त्या दोघांपैकी कुणालाही अडवलं नसतं.

म्हणजे तास मोजून सगळं कळत नाही. आणि हाच प्रश्न या विद्यार्थी-शिक्षकांपुढे रोज उभा असतो. शेजारी बसलेला मुलगा हा माझा विद्यार्थी आहे, की माझ्या हजार तासांकडे जाणारी एक पायरी? त्याला आणखी चार धडे लागतील असं मी म्हणतो, ते त्याला गरज आहे म्हणून, की मला चार तास हवे आहेत म्हणून? आणि उलट, तो तयार नसताना त्याला तयार म्हणून टाकायचा मोह? अमेरिकेतले जाणकार लोकही हे बोलतात. तास भरले की ही मुलं विमान कंपन्यांत निघून जातात, मधल्या मधे विद्यार्थ्याचा शिक्षक बदलतो, आणि नव्या शिक्षकाबरोबर पुन्हा पहिल्यापासून. ही तक्रार खरी आहे. शिकवणं ही ज्याच्यासाठी केवळ वाटेवरची धर्मशाळा आहे, त्याच्याकडून मास्तरकीची अपेक्षा किती करावी?

यावर दुसरी बाजूही आहे. नुकताच शिकलेला माणूस काही बाबतींत अनुभवी माणसापेक्षा चांगलं शिकवतो. आपण कुठे अडखळलो होतो ते त्याला ताजं आठवतं. माझ्या भाच्याने सांगितलं, की नवीन विद्यार्थी सुकाणू असं आवळून धरतो की बोटं पांढरी पडतात. 'मी त्याला सांगतो, दोन बोटांनी धर, विमानाला स्वतःहून सरळ उडायचं असतं.' मला एकदम अब्बांची आठवण झाली. जहाजावर पहिल्यांदा सुकाणूवर उभं केलं तेव्हा त्यांच्या सुकाण्याने त्यांना जवळपास हेच सांगितलं होतं, 'घट्ट धरू नको पोरा, जहाजाचं ऐक.' तो सुकाणीही त्यांच्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा होता.

आता थोडं मनातलं. भाच्याने या कोर्सला अर्ज भरला तेव्हा माझी बहीण मला म्हणाली, 'भाईजान, त्याला दुसरं काही शिकायला सांगा. आपलं नाव घेऊन त्या देशात विमान शिकायचं?' तिला काय म्हणायचं होतं ते श्रोत्यांना सांगायला नको. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर विमानं आदळवणाऱ्यांपैकी वैमानिकांनी अमेरिकेतच विमान चालवायचं शिक्षण घेतलं होतं. त्यांनी जवळपास 3 हजार निरपराध जीव घेतले. आणि त्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावं असलेल्या, जगभरच्या कोट्यवधी साध्या माणसांच्या वाट्याला एक संशय कायमचा आला.

त्यानंतर नियम कडक झाले. परदेशी विद्यार्थ्याला बोटांचे ठसे देऊन सरकारी सुरक्षा तपासणीतून जावं लागतं, तेव्हाच विमानाचे धडे सुरू होतात. भाचाही त्यातून गेला. त्यात त्याला काही अपमान वाटला नाही, मलाही वाटत नाही. ज्या घरात एकदा आग लागली ते घर काड्यापेटी जपूनच ठेवणार.

पण त्याच नियमांची दुसरी बाजू ऐकून मला हसू आलं. अमेरिकन विद्यार्थ्यालाही पहिला धडा देण्याआधी त्याचा पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला पाहून, तो अमेरिकेचा नागरिक असल्याची खात्री करून तशी नोंद ठेवावी लागते. शिक्षकाला विद्यार्थ्याच्या लॉगबुकात तसं लिहून सही करता येते. म्हणजे रत्नागिरीच्या खाडीकाठचा हा मुलगा, स्वतः तपासला गेलेला, तिथल्या पिढीजात शेतकऱ्याच्या मुलाचा जन्माचा दाखला हातात घेतो, नीट वाचतो आणि सही करतो की हो, हा अमेरिकनच आहे. त्यानंतर दोघं विमानात बसतात आणि तो त्याला म्हणतो, कंट्रोल्स तुझ्याकडे.

नावावरून आणि रंगावरून शिक्षकाची पारख करण्याची गोष्ट तिथे जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकन सरकारने कॉलेजातल्या मुलांना विमान शिकवण्याची मोठी योजना काढली. 1939 ते 1944 या काळात तिच्यातून 4 लाखांहून अधिक वैमानिक तयार झाले. काळ्या विद्यार्थ्यांच्या टस्कीगी संस्थेलाही तीत जागा मिळाली. तिथले मुख्य शिक्षक चार्ल्स अँडरसन. तरुणपणी काळ्या माणसाला कुणी विमान शिकवेना, तेव्हा त्यांनी स्वतःच एक विमान विकत घेतलं होतं आणि बरंचसं स्वतःच शिकले होते. काळ्यांना विमान चालवता येणारच नाही, असं तेव्हा मोठमोठे लोक उघड म्हणत. मार्च 1941 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर टस्कीगीला आल्या आणि अँडरसन यांच्या विमानात बसून फिरून आल्या. भाषण करून जे सिद्ध झालं नसतं ते मागच्या सीटवर बसून झालं. विश्वास दाखवायचा तर तो असा, स्वतःचा जीव त्या माणसाच्या हाती देऊन.

भाच्याचा पहिला विद्यार्थी त्या शेतकऱ्याचा मुलगा. अठरा वर्षांचा. तो एकट्याने उडण्याच्या बेतात आला होता. त्या दिवसासाठी त्याचे आईवडील तीन तास गाडी चालवून आले. पण वारा धावपट्टीला आडवा वाहत होता, नवशिक्याला पेलवेल त्यापेक्षा जोरात. विद्यार्थी म्हणाला, जमेल मला. वडील गप्प राहून बघत होते. भाच्याने नाही म्हटलं. आईवडील तसेच परत गेले. त्या दिवसाची मजुरीही गेली.

'वाईट वाटलं?' मी विचारलं.

'वाटलं ना. पण मामू, सही माझी असते.'

ही सही फार मोठी गोष्ट आहे. पहिल्यांदा एकट्याने उडण्याची परवानगी सरकार देत नाही, विद्यापीठ देत नाही. शिक्षक देतो, विद्यार्थ्याच्या लॉगबुकात सही करून. ती परवानगी ठरावीक विमानापुरती असते आणि 90 दिवसच चालते. काही विपरीत झालं तर पहिला प्रश्न त्या सहीला. आपल्याकडे एकवीस वर्षांच्या मुलाच्या सहीवर आपण काय सोपवतो? फार तर कुरियरचं पार्सल.

पुढच्या आठवड्यात वारा पडला. दोघांनी मिळून तीनदा विमान उतरवलं. मग भाच्याने ते कडेला थांबवायला सांगितलं, दार उघडलं आणि तो उतरला. उजवी सीट रिकामी. एक माणूस कमी झाला की हलकं झालेलं विमान नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडतं, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मग तो हातात रेडिओ घेऊन गवतात उभा राहिला. तीन फेऱ्या. 'रेडिओ हातात होता, पण मी एक शब्दही बोललो नाही,' तो म्हणाला. 'बोलायची गरजच पडली नाही.'

पहिलं एकट्याचं उड्डाण झालं की विद्यार्थ्याच्या शर्टाचा पाठीमागचा भाग कापायची तिकडे प्रथा आहे. असं सांगतात, की जुन्या उघड्या विमानांत शिक्षक मागे बसायचा आणि रेडिओ नसल्यामुळे विद्यार्थ्याचा शर्ट मागून ओढून सूचना द्यायचा. आता ओढणारा मागे नाही, मग शर्टाचा तो भाग हवा कशाला? त्या कापडाच्या तुकड्यावर तारीख, विमानाचा नंबर आणि शिक्षकाचं नाव लिहितात. मुलाने तो तुकडा घरी नेला. त्याच्या आईने तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला आणि फोटो पाठवला. मैलोगणती गव्हाच्या शेतांमधल्या त्या घराच्या भिंतीवर आता आमच्या घरातलं एक नाव आहे. बहिणीने तो फोटो मला दाखवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, 'अक्षर मात्र अजून सुधारलं नाही याचं.'

मंडळी, आपल्याकडे लहान विमानतळ कमी, पेट्रोल महाग, नियम वेगळे. ही पद्धत उचलून इथे आणा असं मी म्हणणार नाही. पण तिच्यातली एक गोष्ट आणायला विमान लागत नाही. वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींना आपण फार काळ नुसतं ऐकणारे ठेवतो. पदवी मिळेपर्यंत त्यांच्या हाती कुणाचं काही सोपवत नाही, आणि पदवी मिळाली की ही मुलं जबाबदारी का घेत नाहीत म्हणून कुरकुरतो. वरच्या वर्गातल्या मुलाने खालच्या वर्गातल्याला शिकवावं, त्याबद्दल त्याला मोबदला मिळावा, शिकवावं कसं हेही त्याला शिकवलं जावं, आणि 'हा तयार आहे' असं लिहून खाली त्याने स्वतःची सही करावी. प्रयोगशाळेत हे होऊ शकतं, कारखान्यात होऊ शकतं, बोटीवर तर पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे. सही चुकेल ही भीती असतेच. ती भीतीच त्याला शिकवते.

आपण मोठ्यांनीही एक शिकायचं आहे. ताबा देतो म्हटलं की द्यायचा. तोंडाने 'तुझ्याकडे' म्हणायचं आणि हात सुकाणूवरच ठेवायचा, ही आपली सवय फार जुनी आहे.